कॉलरच्या आतला दोरा

प्रिय ताईबाई,

फोन न करता लिहितेय म्हणून रागावू नकोस. फोनवर तू "बरं, ठीक आहे" म्हणून मोकळी होतेस आणि माझं सांगायचं राहूनच जातं.

तुझ्या धाकट्या भावाने समुद्रावर फिरायला जायचं काढलंय. तो, सूनबाई, त्यांची चिमणी आणि मी. मला नवी बॅगसुद्धा आणली. इथवर मी खूश होते. मग एकदा जेवताना म्हणाला, निघण्याआधी आपण सगळ्यांची मृत्युपत्रं करून टाकू. मी हातातला घास परत ताटात ठेवला. फिरायला निघालेल्या म्हातारीला कुणी असं म्हणतं का? त्यातून हा तोच मुलगा, ज्याने आपलं शिलाईचं दुकान अशाच घाईने विकलं आणि तेव्हापासून तुम्हा दोघांचं बोलणं तुटलं. कुठेतरी पाणी मुरतंय हे मी तिथेच ओळखलं.

मग मी डोळ्यांत तेल घालून बसले. मृत्युपत्रासाठी गाठलेल्या वकीलबाईंकडून आली की मुलगा-सून दोघं स्वयंपाकघरात कुजबुजायची आणि मी पाणी प्यायला गेले की गप्प. एवढं पाणी मी उभ्या आयुष्यात प्यायले नव्हते. घराचे कागद आधी गादीखाली ठेवले, मग मशीनच्या खणात, मग परत गादीखाली. मला समुद्रात ढकलायचा बेत तर नाही ना, असंही एकदा मनात येऊन गेलं. हसू नकोस, मला पोहता येत नाही.

त्यातच त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, ताईचा दोरा पिवळाच ना गं? तुला आठवत असेल, दुकानातल्या ढिगात घरचे कपडे मिसळू नयेत म्हणून मी प्रत्येकाच्या कॉलरला आतून रंगीत टाका घालायचे. तुझा पिवळा, त्याचा निळा. शाळेत हरवलेला तुझा स्वेटर त्या टाक्यावरूनच सापडला होता. आता ज्या बहिणीचं नाव तो तोंडातून काढत नाही, तिचा रंग याला कशाला हवा? तुझ्या उरल्यासुरल्या वस्तू हुडकून बाहेर काढायला, दुसरं काय! मी तुझ्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याजवळ ठेवली.

परवा बॅग भरायची म्हणून चिमणीच्या फ्रॉकना इस्त्री करत होते. तिला मी निळा टाका घालते, बापाचा. बघते तर निळ्याच्या शेजारी पिवळा दोरा, सगळ्याच फ्रॉकना. टाके असे वेडेवाकडे की दुकानात कुणी घातले असते तर मी पुन्हा सुई हातात दिली नसती. सूनबाईचा हात चांगला आहे, तिचे ते नव्हतेच. फ्रॉक घेऊन मी तशीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हा काय प्रकार आहे म्हणून विचारलं.

त्याने माझ्या हातातून फ्रॉक घेतला आणि कॉलर उलटून धरली. मग म्हणाला, "आम्हा दोघांना काही झालं तर चिमणी ताईची, असं लिहिलंय मी. पण कागद कपाटात राहणार. दोरा पोरीच्या अंगावर राहील."

मृत्युपत्र त्याला स्वतःचं करायचं होतं गं. एकट्याचं म्हटलं तर मी घाबरेन, म्हणून सगळ्यांचं म्हणाला. माझी मलाच लाज वाटली.

आता मुद्द्याचं. वकीलबाईंनी त्याला विचारलंय की ताईंना सांगितलंत का, त्यांची तयारी आहे का. तेव्हापासून त्याचं एकच चाललंय. फोन हातात घेतो, तुझ्या नावापर्यंत जातो आणि ठेवून देतो. म्हणून मी विचारतेय. तुमचं भांडण मिटव असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. वेळ आलीच तर चिमणीला घेशील का, एवढंच सांग. या महिन्याच्या शेवटी आम्ही निघतोय. तुझं नाही असेल तर मला कळव, मी त्याच्या नकळत पिवळा दोरा उसवून टाकेन. आणि हो असेल तर फोन कर. मला नको, त्याला कर.

फ्रॉक अजून बॅगेबाहेर ठेवून बसलेली,
तुझीच आई