‘हो’ दाबायचे नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
घडले ते असे:
१. सालेकशाच्या गोदामातून चैतरामभाऊंनी धान बियाण्याच्या साठ्याची फाइल पेनड्राइव्हवर टाकली आणि नेहमीप्रमाणे एसटीच्या कंडक्टरकडे दिली.
२. पेनड्राइव्ह गोरेगावला, आमच्या संस्थेच्या ऑफिसात, उतरला नाही. गोंदिया डेपोत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आला.
३. त्यात ‘साठा’, ‘साठा नवा’ आणि ‘साठा नवा पक्का’ अशा तीन फाइली होत्या. हिशेब बघणाऱ्या कुसुमताईंनी मधली उघडली.
४. बिरसीचा सभासद टेम्पो घेऊन आला. कागदावरची पोती गोदामात नव्हती.
५. सचिव दुर्गाप्रसादजींनी मला बोलावले. म्हणाले, “कम्प्यूटर पढ़ी हो ना बिटिया? तो कुछ करो.”
करणार आहे. एकच सर्व्हर, एकच फाइल, प्रत्येकाने आपल्या डेस्कटॉपवरून सुरक्षित जोडणी करायची. पेनड्राइव्ह बंद. २५ तारखेला गोंदियात संचालकांची सभा आहे. माझे प्रोबेशन संपते, कायम करायचे की नाही ते त्याच दिवशी ठरेल. काम सोपे आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
सर्व्हर लावला. प्रत्येक सर्व्हरची स्वतःची ओळख असते: अक्षरांची एक लांब ओळ. डेस्कटॉप पहिल्यांदा जोडताना ती दाखवतो आणि विचारतो, हाच का? लोक न वाचता ‘हो’ दाबतात. माझ्याकडे तसे होणार नाही. ओळ छापून कुसुमताईंच्या मॉनिटरवर चिकटवली.
कुसुमताई म्हणाल्या, “मॅडम, डबा आणा इकडं. एकट्या काय खाता?” नकार दिला. जेवताना माहिती बाहेर जाते.

१० नोव्हेंबर, सोमवार
कुसुमताईंनी माझ्या आईचे गाव विचारले. सांगितले नाही. अशाच उत्तरांवरून लोक पासवर्ड ओळखतात. त्यांना वाईट वाटले असावे. सुरक्षेला थोडी किंमत असतेच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सालेकसा. चैतरामभाऊंना शिकवले. ते पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचतात आणि छापील ओळीशी ताडतात. हळू, पण बरोबर.
नियम दिले. ओळ जुळली तरच ‘हो’. जुळली नाही तर कोणीतरी आपला सर्व्हर असल्याचे सोंग घेत आहे असे समजायचे. माझ्या नावाने फोन आला तरी ‘हो’ दाबायचे नाही. मी प्रत्यक्ष येईन.
ते म्हणाले, “तुमचा आवाज आला तरी नाई?” आवाज कोणीही काढू शकतो, असे सांगितले.
त्यांनी चहा विचारला, गाव विचारले. दोन्ही टाळले. एसटी चुकली, पुढचीची वाट बघत फाट्यावर उभी राहिले. चहाला वेळ होता, असे आता दिसते.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सगळे सुरळीत. दोन्ही डेस्कटॉपवरून रोज आकडे येतात. पलीकडच्या खोलीत कुसुमताई आणि बाकीचे जेवताना हसतात. कशावर ते कळत नाही. विचारायची गरज नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळ
सगळे घरी गेल्यावर सर्व्हर नव्या डिस्कवर नव्याने बसवला. उद्या सभेत वेगाने चालला पाहिजे. फाइली नीट आल्या. काही राहिले नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
एक गोष्ट राहिली. जुनी ओळख नव्या डिस्कवर आणायची राहिली. सर्व्हर तोच, ओळ वेगळी.
सभेत माझ्या लॅपटॉपवर इशारा आला. संचालक बघत होते. न वाचता ‘हो’ दाबले. (हे इथेच राहील.)
पडद्यावर फाइल उघडली. आजच्या रकान्यात गोरेगाव रिकामे, सालेकसा रिकामे. चैतरामभाऊंना फोन लावला. दुर्गाप्रसादजींनी स्पीकर चालू करायला लावला.
“मॅडम, ओळ जुळून नाई राहिली. कोणीतरी सोंग घेऊन बसला.”
मी सांगितले, सोंग नाही, मीच बदलले, ‘हो’ दाबा.
“अन् तुमीच बोलून राहिल्या, हे मले कसं मालूम?”
नियम माझाच होता. खात्री कशी करून देऊ, असे विचारले. त्यांनी कुसुमताईंना लाइनवर घेतले. म्हणाले, “ताई, मॅडमबद्दल असं काही इचारा, जे फक्त मॅडमलेच मालूम.”
कुसुमताई म्हणाल्या, “काय इचारू गा? मलेच काही मालूम नाई त्यायच्याबद्दल.”
संचालकांपैकी कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.
मी स्वतःहून सांगितले: डब्यात आज भेंडी आहे.
“असंल जी,” चैतरामभाऊ म्हणाले. “पण खरं का खोटं, ताडायचं कशावरून?”
तेवढ्यात दुर्गाप्रसादजी खोकले. पलीकडून लगेच, “साहेब, तुमी हाव का?” ते म्हणाले, “हाँ रे. अपनी ही लड़की है, दबा दे.” दोन्ही गावांचे आकडे पडद्यावर आले.
एक संचालक म्हणाले, यंत्रणा इतकी पक्की आहे की बनवणारीलाच आत घेत नाही. ठराव: प्रोबेशन तीन महिने वाढवले. शेरा: काम चांगले, कर्मचाऱ्यांशी ओळख वाढवावी.
माझ्या मते दोष खोकल्याचा आहे. खोकल्यावर विश्वास ठेवणे हे सुरक्षेत बसत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
सालेकशाला जाऊन नवी ओळ चिकटवून आले. चहा घेतला. साखर जास्त होती, सांगितले नाही.
कुसुमताई भिंतीपलीकडेच बसतात. तरी लेखी बरे म्हणून हा मेसेज पाठवला. प्रत ठेवते:
“कुसुमताई, आईचे गाव अर्जुनी मोरगाव. डब्यात बहुतेक भेंडी असते, कारण दुसरी भाजी मला जमत नाही. हे पडताळायला दुसरे कोणी नाही, तुम्हालाच बघावे लागेल. सोमवारपासून तुमच्या खोलीत जेवायला बसले तर चालेल का? कृपया शनिवार, २९ नोव्हेंबरपर्यंत कळवावे. रंजिता.”