ताईचा झगा आणि माझी मतं

सोमवार, ८ डिसेंबर

भावाने बहिणीच्या लग्नाच्या झग्याबद्दल बोलायचं नसतं. मनातसुद्धा आणायचं नसतं. मी आज सकाळी बोटीतून आमच्या बेटावर उतरल्यापासून दुसरं काही केलेलंच नाही!

वयात आल्यापासून मी आणि लोलोहेआताई एका खोलीत बसलेलो नाही. ती घरात, मी मागच्या झोपडीत. टीव्हीवर नवरा-बायको जवळ आले की मी उठून डुकरं मोजायला जातो. आमच्याकडे सगळेच भाऊ जातात. ते ठीक आहे. पण मी ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडली, संत्री तोडली, कुठेच टिकलो नाही, आणि प्रत्येक गावात कुणाचं ना कुणाचं लग्न पाहिलं. शाळेत काही शिकलो नाही, पण झग्यांवर मला मतं आहेत. ती ठेवू कुठे?

इथे ठेवतो.

बुधवार, १० डिसेंबर

आईकडून सगळी माहिती काढून घेतली. झगा माशाच्या शेपटीचा! गुडघ्यापर्यंत घट्ट, खाली एकदम फुललेला. पाठीला जाळी. हल्ली ऑकलंडला सगळ्या मुली हाच घालतात म्हणे, आणि लग्नानंतर ताई नवऱ्याबरोबर, सेफानायाबरोबर, ऑकलंडलाच जाणार.

मत एक: त्यात चालता येत नाही. मत दोन: आमच्याकडे नवरी जमिनीवर बसते, आणि शेपटी मांडी घालत नाही. मत तीन: आमची मेलेआने आत्या रीतीप्रमाणे वरून अंगाभोवती पणजीच्या वेळची चटई गुंडाळणारच. चटई जितकी जीर्ण तितका मान. मग ती महागाची जाळी बघणार कोण, मुंग्या?

आईला यातलं पहिलंच सांगितलं. हातातलं रताळं तसंच ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. "बहिणीच्या चालण्यावर बोलतोस? जा, तोंड धुऊन ये."

धुतलं. मतं गेली नाहीत.

(काळी डुकरीण व्यायली. पिल्लं बघण्यात दुपार गेली. एकाचा कान अर्धा पांढरा.)

शुक्रवार, १२ डिसेंबर

गाढव. गाढव. गाढव मी!

संध्याकाळी कावा, आमचं मुळांचं गुंगी आणणारं पेय, प्यायला बसलो होतो. पुरुषांची बैठक, कुणीतरी ऑस्ट्रेलियातल्या लग्नांचं विचारलं आणि मी सुटलो. गमबूट घातलेली नवरी सांगितली. जांभळ्या साटीनच्या करवल्या सांगितल्या. हशा पिकत होता. मग म्हणालो, "आणि ते शेपटीवाले झगे! आत बाई असते की दोरीने आवळलेला ट्यूना, कळत नाही."

कुणी हसलं नाही. माझा मावसभाऊ, म्हणजे ताईचाही भाऊच, वाटी खाली ठेवून उठून गेला. रीतीप्रमाणे मीही जायला हवं होतं. पण बोलणाराच मी! स्वतःच्या तोंडापासून उठून कुठे जाणार?

आणि रीतीप्रमाणे कावा वाढायला बसलेली मुलगी कोण होती? मेलेनाइते. गावातली एकुलती एक शिवणकाम करणारी. ताईचा झगा तिच्याच मशीनवर आहे. मान खाली घालून ती वाढत राहिली. माझी वाटी मात्र अर्धीच भरली.

शनिवार, १३ डिसेंबर

ऑकलंडला किंवा मंगळावर कामगार हवे आहेत का, चौकशी केली पाहिजे.

रविवार, १४ डिसेंबर

चर्चमध्ये शेजारच्या बाकावरचा म्हातारा कुजबुजला, "काय रे, ट्यूना कसा आहे?" म्हणजे सगळ्या गावाला कळलं. ताई पुढे बसली होती, मला फक्त तिची पाठ दिसली. ताठ.

रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. पण या विषयावर तीही माझ्याशी बोलू शकत नाही, मीही तिची माफी मागू शकत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारचं जेवण झालं की ती विमानात बसणार. म्हणजे हे असंच राहणार?

मंगळवार, १६ डिसेंबर

शेपटी गेली! मेलेनाइतेने सगळं उसवलं. आता सैल, खांद्यापासून सरळ खाली येणारा झगा शिवतेय. ताईने स्वतः सांगितलं म्हणे.

विहिरीवर बायका मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "बिचारीला हौस होती. भावाने घालवली."

आत्या घरी आली होती. तिच्या शब्दापुढे बाबांचंही चालत नाही, मी तर दारामागेच उभा राहिलो. तिने जाताना फक्त माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मोठा जाणकार!"

रात्री निघून जावं असं वाटलं. बोट गुरुवारशिवाय नाही. पळून जायलाही धड जमत नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

लग्न झालं. बोट गेली, मी नाही गेलो. पहाटेपासून सळईवर डुक्कर फिरवत होतो, तोंडावर धूर. चर्चमधून बायकांचा हुंदका ऐकू आला, चांगला हुंदका. बाहेर येणारी प्रत्येक जणी म्हणत होती, "काय दिसत होती!" कशी, ते कुणी सांगेना. विचारणार कोण? मी?

डुक्कर एका बाजूने करपलं.

सोमवार, २२ डिसेंबर

काल जेवण झालं, आज ताई गेली. विमानतळावरून परतताना आत्याने मला गाडीत शेजारी बसवलं.

"एप्रिलमध्ये तू मामा होणार."

मी बोटांवर मोजायला लागलो. तिने हातावर चापट मारली. "मोजू नकोस. शेपटी शुक्रवारी सकाळीच उसवली होती, बसेनाच तिला. गावाला काय कारण सांगायचं, आम्हा बायकांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. संध्याकाळी तू तोंड उघडलंस! एवढा शहाणा मुलगा देवाने आम्हाला दिला."

मग म्हणाली, "लोलोहेआने विचारलंय, बाळाला पहिला कपडा कसला शिवायचा? तुलाच विचारायला सांगितलंय."

घरी येऊन किती वेळ झाला. पान समोर आहे. एकही मत सुचत नाही.