घोड्याच्या गालावरची तीट

टेक्सस, १५ ऑक्टोबर १९८६

प्रिय वसुधा,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात पोचलं. खुशाली विचारली आहेस. उल्हासचा दवाखाना बरा चालतो, पद्मिनी अकरावीत गेली, सगळे खाऊनपिऊन सुखी आहोत, असं लिहायला घेतलं आणि कागद फाडला. खरं सांगायचं तर तीन आठवडे झाले, फोन वाजला की मी उचलायला धजत नाही. कारण ऐकून तू आधी हसशील. हसून घे. कारण आहे पद्मिनीच्या शाळेच्या फुटबॉल टीमचं हेल्मेट.

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. इथे पोरं डोक्यावर हेल्मेट चढवून एकमेकांवर धडका मारतात आणि शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव ते बघायला लोटतं. गाव सहा हजारांचं, भारतीय घर आमचं एकच. टीमचं नाव मस्टँग्ज, म्हणजे रानटी घोडे. पन्नास वर्षं हेल्मेट मरून रंगाचं, त्यावर नुसतं एक पांढरं अक्षर. यंदा शाळेने नवा रंग आणि नवं चिन्ह करायचं ठरवलं, मुलांची स्पर्धा घेतली, आणि आपल्या पद्मिनीचा घोडा पहिला आला. मान वळवलेला, आयाळ उडालेली, सोनेरीवर मरून. शाळेच्या बँडमध्ये ती क्लॅरिनेट वाजवते, त्यामुळे दर सामन्याला आपलाच घोडा मैदानभर पळताना बघणार म्हणून पोरगी हरखून गेली होती.

ऑगस्टमध्ये हेल्मेटं आली आणि गावाला कंठ फुटला. न्हाव्याकडे, चर्चबाहेर, किराणाच्या रांगेत दुसरा विषय नाही. टीममधून कधीकाळी खेळलेले एक म्हातारे म्हणाले, हा सोनेरी कुठला, हा तर मोहरीच्या चटणीचा रंग. कुणाला घोडा शेळीसारखा दिसला. जर्सीच्या बाहीवर तीन पट्टे होते ते दोन का झाले, म्हणून एका बाईंनी गावच्या साप्ताहिकाला लांबलचक पत्र लिहिलं. इतकं बारकाईने तर आपल्याकडे मुलगीसुद्धा बघत नाहीत. मी मजेत ऐकत होते. मग कुणीतरी विचारलं, घोड्याच्या गालावर हा काळा ठिपका कसला?

वसुधा, तो ठिपका मी लावला. उल्हासलाही हे माहीत नाही. चित्र शाळेत न्यायचं त्या सकाळी मी ते टेबलावर पाहिलं. इतकं देखणं झालं होतं की माझीच दृष्ट लागेल असं वाटलं. बोटाला काजळ घेतलं आणि घोड्याच्या गालावर टेकवलं, बाळाला तीट लावतो तसं. पद्मिनी दात घासत होती. म्हटलं, एवढासा ठिपका कोण बघतंय. पण स्टिकर करणाऱ्यांनी तो चित्रासकट हुबेहूब उतरवला. साठ हेल्मेटं, दोन्ही बाजूंना.

टीम पहिले तीन सामने हरली. चौथ्यात त्यांचा सगळ्यात लाडका खेळाडू खांद्याचं हाड मोडून मैदानाबाहेर गेला. उल्हासनेच त्याला तपासलं. दुसऱ्या दिवसापासून ठिपका बंदुकीच्या गोळीचं भोक झाला, अपशकुनी झाला. इथे असलं काही मानत नाहीत असं मला उगीचच वाटत होतं. टीम जिंकेस्तोवर मोजे न धुणारी माणसं आहेत ही. तरी तोवर मला नुसतं अवघडल्यासारखं होतं. खरी भीती बसली ती पेट्रोल पंपावर. तिथल्या माणसाने माझ्या कुंकवाकडे बघितलं, स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं आणि शेजारच्याला म्हणाला, "सेम डॉट."

त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. पलीकडे कुणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. शनिवारी सकाळी रस्त्याकडेची आमची टपालपेटी बॅटने ठेचलेली सापडली. उल्हास म्हणाला, वाह्यात पोरांचे उद्योग, लक्ष देऊ नकोस. मी दिवसाढवळ्या पडदे ओढून बसते. पद्मिनीला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर खिडकीपाशी उभी राहून नको नको ते मनात आणते.

गेल्या गुरुवारी शाळेत टीमच्या पाठीराख्या पालकांची सभा झाली. आम्हाला बोलावणं होतं. निघण्यापूर्वी मी कुंकू पुसलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही कुणी सांगितलं म्हणून नाही. अध्यक्षांनी विचारलं, हा ठिपका मूळ चित्रात होता का, आणि का होता. पद्मिनी उठली. "इट्स माइन," ती म्हणाली. "आय पुट इट देअर." आवाज जराही कापला नाही. तिला सगळं ठाऊक होतं, वसुधा. लहानपणापासून माझ्या हातची तीट लावून घेत आलेली पोर, तिला कळणार नाही? आईला इंग्रजीत धड बाजू मांडता येणार नाही, आईला हे लोक खाऊन टाकतील, म्हणून तिने ते अंगावर घेतलं.

आता सभेचं म्हणणं असं की या शुक्रवारी सामन्याआधी तिने मैदानावर माइकवरून माफी मागावी, नाहीतर बँड सोडावा. माफीने संपत असेल तर मागू दे, असं उल्हास म्हणतो. पोरीची चूक आहे असंच तो समजून चाललाय. मला मात्र डोळे मिटले की ती चार-पाच हजार माणसं दिसतात आणि मधे एकटी माझी सोळा वर्षांची मुलगी. त्यातल्या कुणी टपालपेटी ठेचली, कुणी फोन केले, मला काय माहीत.

एक गोष्ट लिहायची टाळत होते. पद्मिनी बोलल्यावर अध्यक्ष माझ्याकडे वळले. माणूस सभ्य आहे, मृदू आवाजात विचारलं, तुम्हाला याबद्दल काही माहिती होती का? मी "नो" म्हटलं. माझी लेक शेजारी उभी होती. घरी आल्यावर झोपायला जाताना ती एवढंच म्हणाली, "डोन्ट वरी, आई."

उद्या सात वाजता पुन्हा सभा आहे. उठून खरं सांगायचं ठरवलंय. चार वाक्यं इंग्रजीत पाठ केली आहेत, पण दर वेळी दुसऱ्याच वाक्याला अडते. उद्या मी पुन्हा गप्प बसेन, याची मला त्या माणसांहून जास्त भीती वाटते. म्हणून तुला लिहिलं. शाळेत असल्यापासून तुझ्याशी खोटं बोलायची माझी छाती झालेली नाही. हे पत्र मी आत्ता पोस्टात टाकते आहे, मग ते परत घेता येणार नाही. बारा-पंधरा दिवसांनी तू हे वाचशील, तेव्हा समज की मी सभेत उभी राहिले आणि म्हणाले, ठिपका माझा आहे, मुलीचा नाही.

तुझी, आणि तुझ्या धाकात असलेली,
सुचित्रा