दोघांत एक रिपोर्ट

३ मार्च
उद्यापासून रोज सकाळी चालणार. पक्कं. माळ्यावरून बूट काढले. एका बुटाची लेस गायब.

इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंचा दुकानात फोन. त्या जुळ्यांवर संशोधन करतात. मी आणि थोरला, दोघांचं रक्त हवंय. (थोरला माझ्याआधी काही मिनिटं जन्मला. त्या मिनिटांचा रुबाब पन्नास वर्षं चाललाय.) बाई म्हणाल्या, तुम्हा दोघांची जनुकं हुबेहूब सारखी, म्हणून तुमच्यासारख्यांवरून आजाराचं मूळ कळतं. पुढेही काही सांगत होत्या, पण गिऱ्हाईक चष्मा घ्यायला आलं.

४ मार्च
चालणं रद्द. लेस.

ही म्हणते, तुम्हाला सारखी तहान लागते, रात्री सारखे उठता, चेहरा सुकलाय, तपासून घ्या. म्हटलं, हवा कोरडी आहे. तर म्हणे, मामंजींचंही असंच सुरू झालं होतं. बाबांना साखर होती. शेवटी त्यांचा एक पाय काढावा लागला. हे विषय जेवताना काढायचे नसतात. रागाने ताटावरून उठलो. केक तेवढा संपवून उठलो.

६ मार्च
आज डोक्यात लख्ख प्रकाश पडला! थोरला बस चालवतो. त्याची कंपनी दरवर्षी त्याची तपासणी करते. रिपोर्ट दरवर्षी स्वच्छ. आता जनुकं जर हुबेहूब सारखी, तर त्याचा रिपोर्ट तो माझाच की! इतकी वर्षं माझी फुकटात तपासणी होत होती आणि मला पत्ता नाही. हिला समजावून सांगितलं. हिने कपाळावर हात मारला. शास्त्र सगळ्यांच्याच पचनी पडतं असं नाही.

१० मार्च
दुकानातल्या नजर तपासायच्या तक्त्याची छपाई फिकी झालीये. खालच्या ओळी मलाच दिसत नाहीत. कंपनीला फोन करून झापलं. गिऱ्हाईकं मात्र त्याच ओळी घडाघडा वाचतात. पाठ झाल्या असणार.

१२ मार्च
शनिवारी रक्त द्यायचंय, तेही उपाशीपोटी. दुकान सोडून जाणं अशक्य. थोरल्याला म्हटलं, तूच दोनदा जाऊन ये, एकदा तुझ्या शर्टात, एकदा माझ्या. एवीतेवी रक्त एकच. तो भडकला. शाळेत तुझी तोंडी परीक्षा मी दिली, आता रक्तही मीच देऊ का, म्हणाला. मी म्हटलं, तोंडीत पास झालोच होतो ना? बरीच घासाघीस झाली. सोमवारपासून चालायला लागेन असं माझ्याकडून वदवून घेतलं, तेव्हा कुठे कबूल झाला. भोळा आहे बिचारा.

सुईला मी घाबरत नाही. सुईनंतर बाई जो आकडा सांगतील, त्याला घाबरतो.
(वरची ओळ खोडायची आहे. खोडरबर सापडत नाही.)

१५ मार्च
थोरला दोनदा जाऊन आला. कुणाला संशय नाही. म्हणतो, तुझा शर्ट मला पोटावर ढगळ होतो. हल्ली कापडच तसलं येतं.

१७ मार्च
सोमवार. शब्द म्हणजे शब्द. नव्या लेसची वाट न पाहता चपला घालून निघालो. बेकरीपर्यंत गेलो. येताना हातात पिशवी होती, त्यामुळे व्यायाम जरा जास्तच झाला.

२१ मार्च
बाईंचा फोन! दोघांचे सगळे आकडे दशांशापर्यंत एकच. म्हणाल्या, आजवर असं कधी पाहिलं नाही. आवाज जरा विचित्र वाटला, पण माणूस थक्क झाला की आवाज बदलतोच. उद्या आम्हा दोघांना समोर बोलावलंय. सत्कार असावा. कोट इस्त्रीला टाकला. हिलाही चल म्हटलं.

२२ मार्च
सत्कार नव्हता.

बाईंनी खुर्चीत बसवलं, माझं बोट टोचलं, यंत्राकडे पाहिलं आणि दुसरं बोट टोचलं. मग थोरल्याचं. त्याचा आकडा माझ्या निम्म्याहून कमी. म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. बाई म्हणाल्या, दोघांना यंत्र एकच होतं.

मग गिऱ्हाईकामुळे माझं ऐकायचं राहिलेलं त्यांनी पुन्हा सांगितलं. जनुकं एकसारखी असूनही कित्येकदा आजार एकालाच होतो. तो का होतो, हेच तर त्या शोधतात. वडिलांकडून धोका दोघांनाही सारखाच आलाय. पण भाऊ रोज चालतो, खाणं सांभाळतो, तपासत राहतो. गोळ्या आजच सुरू करायच्या. डोळे आणि पाय लगेच दाखवायचे.

तक्त्याच्या कंपनीची माफी मागायला हवी.

लबाडीबद्दल बाई चांगल्याच रागावल्या. आम्हाला हाकलणार होत्या, पण मग म्हणाल्या, तुमच्यासारखी जोडी शोधून मिळत नाही, राहा. खरं रक्त घेतलं. म्हणजे शास्त्राला माझा उपयोग आहे.

घरी आल्या आल्या हिने केकचा डबा शेजारी देऊन टाकला. थोरला रडला. तुझा शर्ट घालायलाच नको होता, एवढंच म्हणत राहिला. आपल्याच चेहऱ्याच्या माणसाला रडताना बघणं फार वाईट.

२४ मार्च
सकाळी थोरला दारात उभा. खिशातून नवी लेस काढली, खाली बसला आणि माझे बूट स्वतः बांधले. मुकाट्याने त्याच्यामागून बागेत गेलो. पहिल्याच बाकावर धापा टाकत बसलो.

थोरल्याच्या रोजच्या ओळखीचे एक गृहस्थ समोरून आले. मला वाकून नमस्कार केला आणि थोरल्याला म्हणाले, अरे वा, आज वडिलांनाही घेऊन आलात!

मला वाटलं, थोरला हसेल. तो हसला नाही. माझ्या पायांकडे बघत राहिला. मग मीही बघितलं. दोन्ही जागेवर होते.

उठलो. पुढच्या बाकापर्यंत गेलो.