उखाण्यातलं नाव

अहो,

काल इथल्या मूळ अमेरिकन लोकांच्या वस्तीत, रिझर्वेशनवर, तुमचे कपडे जाळले. तुमच्या क्लिनिकमधली डेल्फिना तेराव्याला घरी आली होती, तेव्हाच म्हणाली होती, "डॉक्टर आमचेही होते." तिच्या जमातीतले, कुमेयाय लोक गेलेल्याच्या वस्तू ठेवून घेत नाहीत, म्हणजे त्याचा पाय मागं अडकत नाही. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांनी भोपळ्याचे खुळखुळे वाजवत गाणी म्हटली. आपल्या ईशाननं एकेक शर्ट आगीत टाकला. राखाडी स्वेटर माझ्या हातून सुटेना, तेव्हा डेल्फिनानं माझा हात धरला आणि आम्ही दोघींनी तो टाकला.

निघताना ती म्हणाली, "आता वर्षभर त्यांचं नाव घेऊ नका. नाव ऐकलं की माणूस वळून बघतो, त्याला पुढं जाता येत नाही." मी म्हटलं, ते मला जमेल. लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते कधी घेतलंच नाही.

घरी आल्यावर ईशान एअरपोर्टला गेला. मग तुमच्या रिकाम्या कपाटासमोर उभी राहून मी तुम्हाला नावानं हाक मारली. चांगली मोठ्यानं.

वळून बघितलंत ना? मला तेवढंच हवं होतं. आता जा.

तुमची,
उत्तरा