कोरा लेथ

चिंचवड, ता. ८ सप्टेंबर १९५७

ती. स्व. गं. भा. दुर्गाक्कास,
धाकट्या रंगरावाचे शि. सा. न. वि. वि.

कळविण्यास अत्यंत दुःख होते की माझी खुर्ची गेली. उमेदवारी योजनेच्या समारंभाला अध्यक्षांच्या पत्नीसाठी म्हणून नेली, ती परत आली नाही. कंपनीचा टाइमकीपर सध्या खिळ्यांच्या खोक्यावर बसून राष्ट्र उभारतो आहे.

त्याच समारंभात तुझा ज्योतीराम उमेदवार झाला. गरिबाघरच्या मुलांना काम शिकवायचं आणि वर्षअखेर कायम करायचं, अशी योजना. भाषणांत 'दीनदुबळे' इतक्यांदा आलं की पोरं मागं वळून बघू लागली, कोण आलंय म्हणून. शिकण्यासाठी नवाकोरा लेथ आणलाय, लोखंड कातायचं यंत्र ते. पण तो मंत्र्यांच्या हस्ते सुरू व्हायचाय आणि मंत्र्यांना सवड नाही. तोवर लेथ रेशमी पडद्यात, पोरं चहा आणायला नि फरशी पुसायला. ज्योती कायम होईतो तू खडी फोडणं सोडू नकोस.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.
तुझा, रंगराव

*

म्हसवड, ता. २० सप्टेंबर

चि. रंगास,
दुर्गाक्काचे अनेक आशीर्वाद.

शेजारची रंभा शाळेत जाती, तिच्याकडून लिहून घेते. तुझ्या खुर्चीचं वाचून पोरगी पोट धरून हसली. मी म्हटलं, हसू नगं, मामाचं राज्य गेलंय.

खडीनं हाताची सालं निघाली. वर्षभर काढीन, पर त्यो यंत्राला हात कवा लावणार? पुसायला आमच्यात काय जमीन कमी हुती? आता खंडेनवमी आली. त्याला सांग, आपण सुतार. आपले आबा हत्यार कोरडं पुजत नसत. सकाळी रंधा एकदा लाकडावरनं फिरवायचे, मग हळदकुंकू.

दोघं वेळेवर जेवा. माया हाय तशीच हाय.
दुर्गाक्का

*

चिंचवड, ता. ६ ऑक्टोबर

ती. स्व. दुर्गाक्कास,
रंगरावाचे शि. सा. न. वि. वि.

तुझा निरोप सांगितला आणि तुझ्या लेकानं तो पाळला. नवमीला साहेब हार घेऊन आले, तर पडदा बाजूला, लेथ चालू, आणि ज्योती कातलेली खुंटी घेऊन उभा. चहा देता देता शेजारच्या खात्यात बघून शिकला होता. म्हणाला, आता करा पूजा.

मंत्र्यांच्या आधी यंत्र उष्टं झालं म्हणून साहेबांना घाम फुटला. ज्योतीला मी जामीन राहिलेलो, म्हणून मला बोलावलं. मी म्हटलं, लेथ कातण्यासाठी असतो अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. दुपारी ज्योतीला काढलं. उष्ट्या लेथला आता नवा रंग चाललाय.

काल त्याला दापोडीला बबनराव मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. माणूस तोंडाचा फाटका. खुंटी वाकडी म्हणाले, ती करणाऱ्याचा मामाही वाकडा म्हणाले, आणि दुसरी करायला लावली. संध्याकाळपर्यंत चार झाल्या. मग म्हणाले, सोमवारपासून ये. कायम वगैरे काही नाही, मजुरीही बेताची. तेव्हा अक्का, तुझी खडी एवढ्यात सुटत नाही. पण पोरगं काल चालत्या यंत्रापुढं उभं होतं.

नव्या माणसाच्या घरून यंत्राला नारळ यावा, अशी तिथली रीत. आम्ही रिकाम्या हातानं गेलेलो. बबनरावांनी स्वतःच्या घरचा आणून फोडला आणि शिव्या देणारा तो माणूस त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही.

राग धरू नये, धरलास तर माझ्यावर धर.
तुझा, रंगराव

ता. क. आज रविवार, शेड बंद. खिडकीच्या गजांतून हात घालून आत एक नारळ ठेवून आलो.