अकरा तारखेचं 'तेवढंच'

११ मार्च. सुराबाया. सकाळी ९.४०
सोळा वर्षांत एकही उत्तर माझ्या मनचं लिहिलं नाही. याचा अभिमान नाही. नोंद म्हणून लिहितो.
आजही चाळीस कारखान्यांना फोन. एकच प्रश्न : मागच्या महिन्यापेक्षा काम जास्त, तेवढंच, की कमी? जास्तला एक गुण, तेवढंचला अर्धा, कमीला शून्य. बेरजेची टक्केवारी म्हणजे आमचा निर्देशांक. पन्नासच्या वर गेला की देशाची तब्येत सुधारतेय.
सिदोआर्जोच्या खोक्यांच्या कारखान्यातले खरेदीप्रमुख पाक मार्गोनो ('पाक' म्हणजे इथलं 'राव') यांनी फोन उचलला नाही. नऊ वर्षांत प्रथमच. एरवी पहिल्या घंटीला उचलून म्हणणार, "तेवढंच, पाक. तुमची तब्येत?" उत्तर न मिळाल्यास एक महिना जुनंच धरावं, असा नियम आहे. धरलं.
उद्यापासून पहाटे पाचला चालणे.

११ एप्रिल
मार्गोनो नाहीत. एकोणीस घंट्या मोजल्या.
नियम एकाच महिन्याचा. पण मार्चात लाइन बिघडली असावी, म्हणजे तो महिना धरायचा नाही. म्हणजे हाच पहिला. 'तेवढंच' लिहिलं. दोनदा विचार करून लिहिलं, हे महत्त्वाचं.
रात्री नावाची माझी सहकारी, जिभेला हाड नाही, म्हणाली, "पाक विर्या, चाळीस मिनिटांचा रस्ता आहे. जाऊन बघा की." मी म्हटलं, पुलाचं काम चालू आहे. "पूल जानेवारीतच झाला, पाक."
चालण्याचे बूट आणायचे आहेत.

११ मे. ९.१०
उचलला! आधी नुसता श्वास. मी विचारलं. मग, "तेवढंच, पाक." फोन बंद.
रात्रीला म्हटलं, बघ, उगाच शंका काढतेस. तिने विचारलं, "आवाज त्यांचाच होता?" सर्दी असेल, म्हटलं. पण त्यांनी माझी तब्येत विचारली नाही.

३० मे
ऑफिसात माझ्या नावानं जेवणाचा डबा आला. पिवळा भात, कोंबडी, वर चिठ्ठी : मार्गोनो यांच्या शंभराव्या दिवसाचं जेवण. मुलीनं पाठवलं.
बोटांवर मोजलं. वीस फेब्रुवारीला गेले.
मग अकरा मेला कोण बोललं?
भात खाल्ला नाही. टाकवलाही नाही. रात्रीनं डबा उचलून शिपायाला दिला.

५ जून, शुक्रवार
शेवटी गेलो. फाटकाला कुलूप, कुलपाला गंज. म्हातारा वॉचमन सार्पिन मला पाहून म्हणाला, "फोनवाले पाक ना? या. साहेब म्हणायचे, एक दिवस येतीलच."
कारखाना सप्टेंबरातच बंद झाला होता.
"पण ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत ते मला 'तेवढंच' म्हणत होते!"
"मग काय म्हणणार? गेल्या महिन्यात बंद, या महिन्यात बंद. साहेब खोटं बोलणारे नव्हते."
"आणि सप्टेंबरात?"
सार्पिन खाली पाहू लागला. "तेव्हा म्हणाले, एवढ्या आपुलकीनं विचारतात, त्यांना वाईट बातमी कशी द्यायची?"
दर अकरा तारखेला मार्गोनो इस्त्रीचा शर्ट घालून इथे यायचे, फोन घ्यायचे, घरी जायचे. आजारी पडल्यावर काम सार्पिनला सोपवलं. "मार्च-एप्रिलात धीरच झाला नाही. तुम्ही थांबेचनात. घंटी वाजतच राहायची. मग मेमध्ये उचलला."
टेबल पुसलेलं. फोनशेजारी गोड काळ्या कॉफीचा झाकलेला ग्लास, इथे गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा काल गुरुवारी संध्याकाळी मार्गोनोंसाठी ठेवलेला. कॉफी ग्लासाच्या काठापासून बोटभर खाली होती. कोण प्यालं, ते मी विचारलं नाही.

८ जून
सप्टेंबरचा कागद काढला. अकरा जास्त, दहा कमी, एकोणीस तेवढंच : ५१.२५. मार्गोनोंना 'कमी'त टाकलं की बरोबर पन्नास. म्हणजे वाढ नाही. सलग वाढीचे जे महिने पेपरवाले मोजतायत, ती माळ तिथेच तुटते.
रात्रीला विचारलं, कारखाना यादीतूनच काढला तर? तिनं हिशोब केला. निर्देशांक किंचित चढतो. "मेलेले वगळले की तब्येत सुधारतेच, पाक," ती म्हणाली. हसली नाही.
बाकीचे 'तेवढंच' म्हणणारे अठरा कोण आहेत? त्यांचीही फाटकं पाहायला हवीत.
ठरलं : दुरुस्तीचं पत्र अकराच्या आत. माझ्या सहीनं.

१० जून
पत्राचा मसुदा चांगला झालाय. भाषा अजून तपासायला हवी. घाईत चूक नको.

११ जून. ९.१०
सिदोआर्जोला फोन करायचा नाही, असं पक्कं ठरवलं होतं. बोटांनी नंबर फिरवला. पहिल्या घंटीलाच उचलला.
"तेवढंच, पाक," सार्पिन म्हणाला. मग जरा थांबून, कोणीतरी बाजूला बसून सांगत असावं तसा, "तुमची तब्येत?"
विचार केला. नियमानं पाहिलं तर उत्तर बरोबरच आहे. मे महिन्यात बंद, जूनमध्ये बंद.
अर्धा गुण लिहिला. रात्री समोरच बसली होती. तिनं माझ्या पेनाकडे पाहिलं आणि पुढचा नंबर लावून दिला.
निर्देशांक ५१.२५.
पत्र पुढच्या महिन्यात. बूट आणले, एक नंबर लहान निघाले.